कानकूनला जाताय? हॉटेल नंतर बघा, आधी समुद्र ठरवा

कानकूनच्या सहलीची आखणी बहुतेक जण उलट्या टोकाने करतात. आधी हॉटेलच्या फोटोंवर भुलायचं, सवलत दिसली म्हणून जुलैचं बुकिंग करून टाकायचं, आणि तिथे पोचल्यावर किनाऱ्यावर साचलेले तपकिरी शेवाळाचे ढीग बघून हॉटेलला नावं ठेवायची. ते शेवाळ हॉटेलने आणलेलं नसतं. कुठल्या महिन्यात कुठल्या दिशेच्या किनाऱ्यावर उतरायचं, हे न बघता पैसे भरल्याचा तो परिणाम असतो. म्हणून या लेखाचा क्रम असा आहे: आधी महिना, मग किनारा, मग कागदपत्रं, आणि बाकीचं त्यानंतर.

मेक्सिकोच्या पूर्व टोकाला किंताना रो नावाचं राज्य आहे. कानकून, प्लाया देल कार्मेन, तुलुम ही त्याच्या कॅरिबियन किनाऱ्यावरची गावं, आणि इस्ला मुहेरेस व कोसुमेल ही समोरची बेटं. अमेरिकेतल्या मराठी घरांमधून इथे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांना घेऊन जायचं ठिकाण म्हणूनही हे पसंत पडतं. त्या सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. भारतातून थेट जाणाऱ्यांसाठी जिथे वेगळं काही आहे, तिथे तसं सांगेन.

महिना कोणता?

सगळ्यात मोठा प्रश्न सर्गासोचा. हे समुद्रावर तरंगणारं तपकिरी शेवाळ. २०११ पासून अटलांटिकमध्ये ते इतकं वाढू लागलं, की पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत त्याचा पट्टाच तयार होतो. प्रवाह आणि वारे ते ढकलत कॅरिबियन बेटांवर आणि या किनाऱ्यावर आणून टाकतात. साधारण मार्चअखेरपासून ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत त्याचा जोर असतो. दरवर्षी सारखा नसतो आणि एकाच आठवड्यात सोमवारी घाण तर गुरुवारी स्वच्छ असंही होतं. पाण्यात असताना ते फक्त पायांना टोचतं, पण किनाऱ्यावर कुजायला लागलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. दमा असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. मोठी हॉटेलं समुद्रात तरंगते अडसर लावतात, पहाटे ट्रॅक्टर फिरवतात, फावडी घेऊन माणसं उभी करतात. तरी निसर्गापुढे किती पुरे पडणार? साऊथ फ्लोरिडा विद्यापीठ उपग्रहाच्या चित्रांवरून दर महिन्याला सर्गासोचा अंदाज प्रसिद्ध करतं. हॉटेलच्या फोटोंपेक्षा तो आधी वाचा.

दुसरी गोष्ट चक्रीवादळांची. अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, पण खरी भीती ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा वादळ कोसुमेल आणि कानकूनवर येऊन जवळजवळ थबकलंच आणि किनाऱ्याची वाळू ओढून घेऊन गेलं. २०२४ मध्ये बेरिल जुलैच्या सुरुवातीलाच तुलुमजवळ धडकलं. ऑक्टोबरमध्ये शेवाळ कमी, गर्दी कमी, दर कमी, हे सगळं खरं. पण तेव्हा जाणार असाल तर पैसे परत मिळणारं बुकिंग आणि वादळाचा समावेश असलेला प्रवास विमा दोन्ही हवंच. वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी चालत नाही.

तिसरी गोष्ट थंडीतल्या वाऱ्याची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मधूनमधून उत्तरेकडून थंड वारा येतो, त्याला तिथे 'नोर्ते' म्हणतात. एक-दोन दिवस समुद्र खवळतो, बंदर बंद ठेवतात, बेटांच्या फेरीबोटी थांबतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र बेटावर काढू नये.

एवढं सगळं मांडल्यावर माझी पसंती अशी: थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकी सण) झाल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, नाहीतर जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. नाताळात दर आकाशाला भिडतात. मार्चमध्ये अमेरिकी कॉलेजची मुलं सुटी घालवायला येतात आणि रात्री दोनपर्यंत दणदणाट चालतो. आई-बाबांना घेऊन त्या आठवड्यांत जाऊ नका. मुलांच्या शाळेमुळे उन्हाळाच हाताशी असेल तर हिरमुसायचं कारण नाही, फक्त किनारा नीट निवडा.

किनारा कोणता?

सर्गासो मुख्यतः पूर्वेकडे उघड्या असलेल्या किनाऱ्यांवर येतं. तुलुम, आकुमाल, प्लाया देल कार्मेन आणि कानकूनचा लांब पट्टा, हे सगळे पूर्वाभिमुख. उत्तरेला किंवा पश्चिमेला तोंड असलेले किनारे त्या मानाने वाचतात. एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं की नकाशा स्वतः वाचता येतो.

कानकूनचा हॉटेलांचा भाग इंग्रजी सात आकड्यासारखा आहे (आपल्या ७ सारखा नव्हे). वीसेक किलोमीटरचा अरुंद वाळूचा पट्टा, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला निचुप्ते नावाचं खाजण. मधून बुलेवार कुकुलकान हा एकच रस्ता जातो आणि इथले पत्ते त्याच्या किलोमीटरवर सांगतात. सातच्या वरच्या आडव्या दांडीचं तोंड उत्तरेकडे आहे, समोर इस्ला मुहेरेसचा आडोसा आहे, त्यामुळे पाणी शांत आणि उथळ. साधारण ३ ते ९ किलोमीटरचा हा भाग. लहान मुलं, पोहायला न येणारी मंडळी आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर इथलंच हॉटेल बघा. उभ्या दांडीवर खुला समुद्र, मोठ्या लाटा, आणि फोटोत दिसतो तो गडद-फिका निळा रंग. १८ व्या किलोमीटरजवळची प्लाया देल्फिनेस याच बाजूला आहे. तिथे उंच हॉटेलं अंगावर येत नाहीत, प्रवेश फुकट आणि वाळू भरपूर रुंद.

आपल्याला समुद्रात बुडणारा सूर्य पाहायची सवय. इथे तो समुद्रातून उगवतो. याचा व्यवहारात अर्थ असा, की उभ्या दांडीवर दुपार कलली की उंच इमारतींची सावली वाळूवर पडते. संध्याकाळच्या उन्हात लोळायचा बेत असेल तर तो सकाळी हलवा.

इस्ला मुहेरेसचा उत्तर किनारा, म्हणजे प्लाया नोर्ते, ही माझी सगळ्यात आवडती जागा. पाणी बऱ्याच अंतरापर्यंत कंबरेच्या वर जात नाही, लाट जवळजवळ नसते, आणि इथून सूर्यास्त समुद्रावर दिसतो. कानकूनच्या पुएर्तो हुआरेस धक्क्यावरून फेरीने वीसेक मिनिटं. दुपारी अकरा ते चार कानकूनहून आलेल्या सहलींची झुंबड असते, ती गेली की गाव पुन्हा गावासारखं होतं. म्हणून तिथे निदान एक रात्र राहा. बेट जेमतेम सात किलोमीटर लांब आहे, गोल्फची गाडी भाड्याने घेऊन फिरतात.

कोसुमेलला प्लाया देल कार्मेनहून फेरीने पाऊण तास. वसती आणि हॉटेलं पश्चिम बाजूला, म्हणजे आडोशाला, त्यामुळे शेवाळ बहुतेक करून पूर्वेच्या निर्जन बाजूला अडतं. जगातली दुसऱ्या क्रमांकाची प्रवाळरांग या किनाऱ्याला समांतर जाते आणि तिचे उत्तम भाग कोसुमेलच्या नैर्ऋत्येला आहेत. पाण्याखाली बघायची हौस असेल तर दुसरीकडे पैसे घालवू नका. ओल्बोश बेट उत्तरेला, गाड्या नाहीत, रस्ते वाळूचे, उन्हाळ्यात जवळच्या समुद्रात देवमुशी म्हणजे व्हेल शार्क येतात. पाऊस पडला की मात्र चिखल आणि डास.

तुलुमबद्दल स्पष्ट सांगते. कड्यावरचे प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष सुंदर आहेत, सकाळी लवकर जाऊन ते जरूर बघा. पण किनाऱ्यालगतच्या हॉटेलांचे दर आणि तिथली वाहतूक पाहता मुक्कामासाठी मी तुलुम निवडणार नाही.

कायद्याने मेक्सिकोतले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. खुर्च्या हॉटेलच्या, वाळू सगळ्यांची. दोन हॉटेलांमधून जाणारी चिंचोळी वाट आणि 'आक्सेसो आ ला प्लाया' अशी पाटी दिसली की बिनधास्त जा. त्यामुळे किनाऱ्यावरचंच हॉटेल हवं हा हट्टही सोडता येतो.

'सगळं समाविष्ट' प्रकारच्या हॉटेलांचा हिशेब एकदा कागदावर मांडा. त्या दरात मद्याचा आणि मांसाहाराचा वाटा मोठा असतो. घरात कोणी पीत नसेल आणि निम्मे शाकाहारी असतील तर तुम्ही इतरांचं बिल भरताय. लहान मुलं असली तर दोन-तीन दिवस ही सोय सुखाची आहे हे मान्य. मग उरलेले दिवस बेटावर किंवा गावात साध्या हॉटेलात काढा.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशाचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल, किंवा तिथलं कायम वास्तव्याचं कार्ड असेल, तर वेगळा व्हिसा लागत नाही. पुण्या-मुंबईत कितीतरी घरांमध्ये अमेरिकेचा दहा वर्षांचा शिक्का नुसता पडून असतो. त्यावर ही सहल होते.

इथे एच-वन-बी वाल्यांची नेहमीची चूक होते. अर्ज मंजूर झाल्याचं पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. पासपोर्टमधल्या शिक्क्याची मुदत संपली असेल तर ते पत्र दाखवून मेक्सिकोत प्रवेश मिळत नाही. तेव्हा मेक्सिकोच्या दूतावासातून रीतसर व्हिसा काढायचा. परतीचाही विचार करा. सुटी मेक्सिकोतली असली तरी परत येताना अमेरिकेच्या इमिग्रेशनसमोर नव्याने उभं राहायचं आहे. आई-बाबांच्या बाबतीत त्यांचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना ते बघा आणि भारतात परतायच्या तिकिटाची छापील प्रत त्यांच्या हातातल्या पिशवीत ठेवा. नियम बदलतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

भारतातून थेट विमान नाही. युरोप, इस्तंबूल किंवा अमेरिका यांपैकी कुठून तरी बदलावं लागतं, आणि अमेरिकेतून बदलायचं तर तिथला व्हिसा नुसत्या थांब्यासाठीसुद्धा लागतो. युरोपातल्या विमानतळांचे थांब्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, तेही तपासा.

परदेशी पर्यटकांसाठी किंताना रो राज्याचा 'विसिटाक्स' नावाचा एक छोटा कर २०२१ पासून आहे, माणशी तीनशे पेसोंच्या जवळपास. तो राज्य सरकारच्याच संकेतस्थळावर भरा. त्याच्या नावाने दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी दिखाऊ संकेतस्थळं शोधात सगळ्यात वर येतात.

विमानतळावर उतरल्यावर

इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारून राहण्याचे दिवस लिहितो. खिडकीवरून हलण्याआधी तो आकडा वाचा.

सामानात ताजी फळं, बिया, मांसाचे पदार्थ नकोत. चिवडा-चकली न्यायची तर दुकानातल्या बंद, लेबल असलेल्या पाकिटात. ई-सिगरेट देशात आणायला बंदी आहे, ती जप्त होते. आणि आयटीवाल्यांनो, करमुक्त सामानात माणशी एकच लॅपटॉप धरतात. एकाच्या पिशवीत ऑफिसचा, घरचा आणि वर टॅबलेट असं भरू नका, घरच्यांत वाटून घ्या.

कस्टम्स ओलांडलं की बाहेर पडायच्या दाराआधी एक दालन लागतं. तिथे गणवेशातली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, हसतमुख माणसं 'तुमची गाडी कुठली?', 'तुमचं हॉटेल कुठलं?' असं विचारत उभी असतात. विमानतळाचे कर्मचारी वाटावेत असाच त्यांचा थाट असतो. ती टाइमशेअरची, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस वापरायच्या सुटीघराच्या हिश्श्याची, विक्री करणारी माणसं आहेत. फुकट टॅक्सी, फुकट सहल, बदल्यात 'फक्त नव्वद मिनिटांचा नाश्ता'. त्या नाश्त्यात तुमची अर्धी सकाळ जाते. 'नो, ग्रासियास' म्हणा, चालणं थांबवू नका. खरी आरक्षित गाडी दाराबाहेर, नावाची पाटी घेऊन उभी असते.

सगळ्यात स्वस्त आणि विश्वासाचा मार्ग म्हणजे एडीओ कंपनीची बस. कानकून शहराला अर्ध्या तासात, प्लाया देल कार्मेनला तासाभरात पोचवते. वातानुकूलन कडक असतं, शाल हाताशी ठेवा. चार-पाच जण आणि सामान असेल तर आधी ठरवलेली खासगी व्हॅन बसच्या तिकिटांच्या बेरजेपेक्षा फार महाग पडत नाही. विमानतळावर अॅपच्या टॅक्सीवरून स्थानिक टॅक्सी संघटनांशी बऱ्याच काळापासून वाद आहे, तेव्हा दमून उतरल्यावर त्या भानगडीत पडू नये.

पैसे

पेसोचं चिन्ह आणि डॉलरचं चिन्ह एकच. मेनूवर १८० च्या आधी ते चिन्ह बघून दचकू नका, ते पेसो असतात. हॉटेलांच्या भागात मात्र काही दुकानं डॉलरमध्येच भाव लिहितात, म्हणून 'पेसोस ओ दोलारेस?' एवढं विचारायची सवय लावा. पैसे पेसोंत द्या. डॉलर घेतात सगळेच, पण दर त्यांचा असतो.

एटीएम बँकेच्या शाखेतलं वापरा. पडद्यावर 'आमच्या दराने रूपांतर मान्य आहे का' अशा अर्थाचा प्रश्न येतो. तिथे नकार द्यायचा. पैसे तरीही मिळतात, आणि दर तुमच्या बँकेचा लागतो. याने प्रत्येक वेळी बऱ्यापैकी रक्कम वाचते. दुकानातलं कार्डयंत्रही हाच प्रश्न विचारतं, तिथेही पेसोच निवडा.

नोटांपैकी ५०० ची आणि जुनी २० ची, दोन्ही निळ्या आणि दोन्हींवर बेनितो हुआरेस यांचं चित्र. अंधारात टॅक्सीवाल्याला नोट देताना आकडा मोठ्याने उच्चारून द्या. ५०० ची नोट ओक्सोसारख्या साखळी दुकानात मोडून घ्यावी, कारण बस, फळवाले, सेनोतेचं (गोड्या पाण्याच्या डोहाचं) तिकीट या सगळ्यांना सुटे लागतात.

उपाहारगृहात १० ते १५ टक्के बक्षिसी देतात. बिलात ती आधीच धरली आहे का ते बघा. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. पाहुण्याला उठवणं तिथे उद्धटपणा समजतात. 'ला कुएन्ता, पोर फावोर' म्हणा. सुपरमार्केटमध्ये पिशव्या भरून देणारी आजी-आजोबा मंडळी असतात, त्यांना बहुधा पगार नसतो. पाच-दहा पेसो हातावर ठेवा.

पाण्यात उतरताना

किनाऱ्यावर झेंडे असतात: हिरवा निर्धास्त, पिवळा सांभाळून, लाल धोक्याचा, काळा म्हणजे पाण्यात जायचंच नाही. कानकूनच्या उभ्या दांडीवर लाल-पिवळे झेंडे नेहमीचे आहेत. तिथे मागे ओढणारा प्रवाह जबरदस्त असतो आणि तो वरून दिसत नाही. दोन लाटांमध्ये शांत दिसणारा पट्टा हाच बहुधा तो असतो. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, किनाऱ्याला समांतर पोहून त्यातून बाहेर पडा आणि मग वळा. पोहता येत नसेल तर या बाजूला गुडघ्यापुढे जाऊ नये.

निचुप्ते खाजणाचं पाणी शांत दिसतं, पण त्यात मगरी आहेत. काठावर पाट्या लावलेल्या आहेत, त्या शोभेच्या नाहीत.

उन्हासाठी क्रीमपेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरा. इथलं ऊन वाऱ्यामुळे जाणवत नाही आणि संध्याकाळी खांदे पेटतात. शिवाय सेनोते आणि बऱ्याच सागरी उद्यानांत क्रीम लावून उतरू देत नाहीत. मे ते ऑक्टोबर कासवं अंडी घालायला वाळूवर येतात. दोरीने आखलेल्या जागेत पाऊल टाकू नका आणि रात्री मोबाईलचा झोत मारू नका. आकुमालला कासवांबरोबर पोहायला वाटाड्या आणि जीवरक्षक जाकीट घेऊन जायचं, कासवांना हात लावायचा नाही.

सेनोते

युकातान, म्हणजे हे सगळं द्वीपकल्प, त्याच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळपास नाहीत. सगळा भाग चुनखडीचा, पाणी जमिनीखालून वाहतं, आणि जिथे छत कोसळलं तिथे गोड्या पाण्याचा डोह उघडा पडला. तो सेनोते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशनीच्या आघाताने झालेल्या चिकशुलूब विवराच्या कडेने या डोहांची मोठी कमानच आहे. माया लोकांना हे डोह पवित्र होते आणि पिण्याचं पाणीही त्यांतूनच मिळे.

सेनोतेचे ढोबळ प्रकार तीन: वरून पूर्ण उघडे, अर्धे छताखाली, आणि पूर्ण गुहेतले. आई-बाबांना उघड्या प्रकारात न्या. प्लाया देल कार्मेनच्या दक्षिणेचा सेनोते आसुल सोपा आहे, उथळ कडा आणि बसायला खडक. वायादोलिद गावातला साकी नावाचा सेनोते गावाच्या मधोमध आहे, पण पायऱ्या बऱ्याच उतराव्या लागतात. गुहेतला प्रकार बघायचा तर तुलुमजवळचा दोस ओहोस. पाणी बारमाही २४-२५ अंशांचं, म्हणजे बाहेरच्या उकाड्यातून उतरलं की धाप लागावी असं. आधी शॉवर घेणं सक्तीचं, जाकीट बहुतेक ठिकाणी सक्तीचं, तिकीट रोखीत. सकाळी उघडताच गेलात तर पाणी तुमचं एकट्याचं. अकरानंतर बसगाड्या येतात.

खाणं, आणि विशेषतः शाकाहाऱ्यांनी काय करावं

मांस-मासे खाणाऱ्यांना इथे चंगळ आहे. आंबट संत्र्याच्या रसात आणि आचिओते नावाच्या बियांच्या लाल वाटणात मुरवलेलं, मंद शिजवलेलं डुकराचं मांस म्हणजे कोचिनिता पिबिल, ते सकाळी खायचं. तेच वाटण लावून केळीच्या पानात भाजलेला मासा म्हणजे टिकिन-शिक, तो इस्ला मुहेरेसला. कोकणातून आलेल्या माणसाला त्या पानाच्या वासाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

शाकाहाऱ्यांना अडवतं ते मांस नव्हे, मान्तेका, म्हणजे डुकराची चरबी. घेवड्याच्या उसळीत आणि तामालेसमध्ये (मक्याच्या पिठाचे पानात वाफवलेले उंडे) ती सर्रास घालतात, आणि मैद्याच्या पोळीतही असू शकते. भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. 'मांस नाही ना?' असं विचारलं तर वाढपी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल, कारण त्याच्या लेखी 'कार्ने' म्हणजे मुख्यतः गाय-डुकराचं मांस. कोंबडी, हॅम, चरबी हे त्यात येतच नाही. म्हणून प्रश्न नेमका हवा. हे वाक्य फोनमध्ये लिहून ठेवा: 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन, नी मान्तेका.' मांस, कोंबडी, मासे, हॅम, चरबी यांतलं काही खात नाही. अंडं नको असेल तर 'सिन उएवो'.

मक्याची तोर्तिया, म्हणजे तिथली पोळी, निर्धोक असते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, त्यात दुसरं काही नसतं. ती धरून पुढचं मागवा: निवडुंगाची भाजी म्हणजे नोपाल, भोपळ्याच्या फुलांची किंवा अळंब्यांची केसादिया (चीज घालून दुमडलेली तोर्तिया), चाया नावाचा स्थानिक पाला. सिकिल पाक मात्र चुकवू नका. भोपळ्याच्या भाजलेल्या बिया वाटून त्यात टोमॅटो-कोथिंबीर घातलेली ती चटणीच आहे, तोर्तियाच्या कुरकुरीत तुकड्यांबरोबर देतात. अंडं चालत असेल तर पापाद्सुलेस: उकडलेल्या अंड्याचं सारण भरलेल्या तोर्तियांवर त्याच बियांचा रस्सा. रस्त्यावर लिंबू-तिखट लावलेलं कणीस आणि कैरी-आंबा मिळतो, तिथे भाषेची गरजच पडत नाही.

टेबलावर छोट्या वाटीत हिरवट किंवा केशरी सालसा ठेवलेला असतो. तो हाबानेरो मिरचीचा असेल तर ठेच्यावर वाढलेल्यांनीसुद्धा आधी काट्याच्या टोकाने चाखावा. 'आम्हाला तिखट चालतं' हे वाक्य मी त्या टेबलांवर अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि पुढच्या मिनिटाला पाण्यासाठी उठलेले हातही पाहिले आहेत.

कानकून शहरात, हॉटेलांच्या भागापासून दूर, पार्के दे लास पालापास नावाचा चौक आहे. संध्याकाळी तिथे मार्केसितांच्या गाड्या लागतात. लोखंडी चिमट्यासारख्या साच्यात पातळ पीठ ओतायचं, साचा मिटून आचेवर उलटसुलट करायचा, उघडल्यावर त्यावर लाल सालीच्या गोल एदाम चीजचा कीस भरपूर भुरभुरायचा, हवं तर चॉकलेट, आणि गरम असतानाच गुंडाळी करायची. हातात येईपर्यंत ती कडक होते. खारट चीज आणि गोड आवरण हे आधी विचित्र वाटतं, दुसऱ्या घासाला वाटत नाही. पिठात बहुधा अंडं असतं, विचारून घ्या.

एक जाता जाता. आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूचं मूळ घर हेच. इथल्या जंगलांत चिकूची उंच झाडं आहेत आणि त्यांच्या चिकापासून एकेकाळी जगभरचं च्युइंगगम बनत असे. बाजारात चिकू दिसला तर आई-बाबांना दाखवा, पुढचा अर्धा तास गप्पांना पुरतो.

नळाचं पाणी पिऊ नका, दात घासायलाही बाटलीचं घ्या. उपाहारगृहातला बर्फ बहुधा शुद्ध पाण्याचा असतो. पोट बिघडलंच तर औषधांच्या बऱ्याच दुकानांना लागून डॉक्टरची छोटी खोली असते, फी किरकोळ. क्षार-साखरेचं तयार पाणी एलेक्त्रोलित नावाने कुठेही मिळतं.

फिरायचं कसं

कानकूनमध्ये कुकुलकान रस्त्यावरून आर-१ आणि आर-२ बस सतत धावतात, सुटे पैसे चालकाला द्यायचे. टॅक्सीला मीटर नसतो, बसायच्या आधी भाडं ठरवा. प्लाया देल कार्मेन ते तुलुम पांढऱ्या व्हॅन जातात, वाटेत कुठेही थांबतात. सेनोतेंसाठी हाच उत्तम उपाय. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली माया रेल्वे मेरिदासारख्या लांबच्या शहरांना बरी, पण स्थानकं गावांपासून दूर आहेत.

गाडी भाड्याने घ्यायची तर एक पक्कं समजून घ्या: तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा मेक्सिकोत सक्तीचा आहे आणि अमेरिकी क्रेडिट कार्डाचं संरक्षण त्याला पुरत नाही. ऑनलाइन दिसणारा दिवसाला पाच डॉलरचा दर काउंटरवर पोचल्यावर अनेक पटींनी फुगतो तो यामुळे. विम्यासकटचा पूर्ण दर लेखी मागवूनच बुकिंग करा. गावांच्या तोंडाशी 'तोपे' म्हणजे उंच गतिरोधक असतात, बरेचदा रंग उडालेले. अंधार पडल्यावर आतल्या रस्त्यांवर चालवू नका. पेट्रोल भरताना आकडा शून्यावर आहे ना ते बघा.

चिचेन इत्सा एका दिवसात

चिचेन इत्सा हे माया लोकांचं प्राचीन शहर. कानकूनहून अंतर सुमारे २०० किलोमीटर, अडीच तास. ठिकाण उघडतं सकाळी आठला, आणि इथे घड्याळ तुमच्या बाजूने आहे. किंताना रोने २०१५ मध्ये आपली वेळ बदलून घेतली, त्यामुळे शेजारचं युकातान राज्य तासभर मागे आहे. कानकूनहून सहाला निघालात तर तिथे साडेसातला पोचता. मोठ्या बसगाड्या साडेदहाच्या सुमारास येतात, तोवर तुमचं बघून झालेलं असतं. येताना तोच तास परत जातो, म्हणून संध्याकाळचं विमान किंवा शेवटची फेरी या दिवशी ठेवू नका.

तिकिटं दोन घ्यावी लागतात, एक केंद्राचं आणि एक राज्याचं, परदेशी माणसाला मिळून ६०० पेसोंच्या वर. मधल्या पिरॅमिडवर चढायला बरीच वर्षं बंदी आहे. चारी बाजूंच्या प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरची एक, मिळून ३६५, हे खालूनच मोजायचं. समोर उभं राहून टाळी वाजवा, पायऱ्यांवरून येणारा प्रतिध्वनी पाखराच्या चिवचिवाटासारखा असतो. सावली फारशी नाही. ज्येष्ठांसाठी टोपी, छत्री आणि पाणी भरपूर घ्या. जमलं तर रात्री वायादोलिदला राहा. गाव रंगीत, स्वस्त आणि संध्याकाळी फिरायला सुरेख.

बोलणं, आणि निघताना

हॉटेलांच्या भागात इंग्रजी चालतं. बाहेर स्पॅनिश आणि कित्येक घरांत माया भाषा. प्रश्न विचारण्याआधी 'बुएनोस दियास', दुपारनंतर 'बुएनास तार्देस' म्हणा. थेट 'बस कुठे?' असं सुरू केलं की समोरचा तुटक होतो, अभिवादन केलं की तोच माणूस थांब्यापर्यंत सोडायला येतो. अडचणीत फोन ९११.

परतीच्या दिवशी टर्मिनल कुठलं ते तिकिटावर बघून घ्या, कारण सगळीच टर्मिनलं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर नाहीत. हिवाळ्यात कानकूनचं घड्याळ न्यूयॉर्कच्या बरोबर असतं, उन्हाळ्यात तासभर मागे. फोनवर विसंबत असाल तर सेटिंगमध्ये कानकून हेच शहर हाताने निवडून ठेवा, युकातानच्या हद्दीजवळ फोन वेळ बदलत राहतो. प्रवाळाचे तुकडे आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू बरोबर घेऊ नका, दोन्हीकडच्या कस्टम्सवर अडकाल. हाबानेरोच्या सॉसच्या बाटल्या मोठ्या बॅगेत, दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून ठेवा. हातातल्या बॅगेत ठेवल्या तर त्या सुरक्षा तपासणीच्या डब्यात जातात.